तारीख उलटली, डॉक्टर म्हणतात ॲडमिट व्हा: कळा सुरू करून घ्यायच्या की थांबायचं?

नववा महिना भरत आला की घरी येणारा प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो, काय गं, काही हालचाल? मग डॉक्टरांनी दिलेली तारीख येते आणि जाते, बॅग भरून ठेवलेली तशीच, आई म्हणते पहिलटकरणीचं पुढे जातंच, सासूबाई म्हणतात अमावस्येच्या आत झालं तर बरं, आणि चेकअपला गेल्यावर डॉक्टर फाइलवरची मान वर न करता सांगतात की परवा सकाळी ॲडमिट व्हा, औषध देऊन कळा सुरू करू. प्रश्न विचारायला मिळतात दोन मिनिटं आणि तेवढ्या वेळात नक्की काय विचारायचं तेच सुचत नाही. घरी आल्यावर मग मोबाईलवर शोधायला बसायचं, तिथे निम्मे लोक म्हणतात अजिबात करू नका सिझर होतं आणि निम्मे म्हणतात थांबलात तर बाळाला धोका.

अशा प्रकारे कळा आपोआप यायची वाट न बघता औषधाने किंवा दुसऱ्या एखाद्या उपायाने सुरू करण्याला इंडक्शन म्हणतात. पुढे लिहिलंय ते एकच बाळ, डोकं खाली, बीपी-शुगर नाही, आधी सिझर झालेलं नाही, बाळाची वाढ ठीक आणि फक्त तारीख उलटलीय अशा बाईसाठी आहे. बीपी, शुगर, जुळं, बाळाभोवतीचं पाणी फारच कमी, आधीचं सिझर यातलं काही असेल तर सगळा हिशोब बदलतो, तेव्हा इथलं वाचून डॉक्टरांशी वाद घालू नका. मी डॉक्टर नाही. पण या विषयावरचे मोठे अभ्यास काय सांगतात ते साध्या भाषेत मांडता येतं, आणि माझं मत कुठे आहे तेही मी लपवणार नाही.

मुळात ही तारीख येते कुठून

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात ९ महिने आणि ७ दिवस मिळवायचे, झाली तारीख. एकूण २८० दिवस म्हणजे ४० आठवडे. हा हिशोब नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो आणि तो एकोणिसाव्या शतकातला आहे. आपल्याकडचे नऊ महिने नऊ दिवस पण जवळपास तिथेच येतात. यात गृहीत असं धरलंय की पाळी बरोबर २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं, आता ज्यांना पीसीओडी आहे, ३५-४० दिवसांनी पाळी येते, किंवा ज्यांना शेवटच्या पाळीची तारीखच "साधारण गणपतीच्या आसपास" अशी आठवते त्यांचा हिशोब एक-दोन आठवडे सहज चुकतो. म्हणजे कागदावर ४१ आठवडे आणि प्रत्यक्षात ३९.

म्हणून सगळ्यात किमती कागद कुठला असेल तर तो पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा. त्या काळात सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात त्यामुळे बाळाची लांबी मोजून वय काढलं की चूक फारतर आठवड्याभराची. पाळीची तारीख आणि ही सोनोग्राफी यांच्यात साधारण आठवड्याच्या आत फरक असेल तर पाळीची तारीख ठेवतात, जास्त असेल तर सोनोग्राफीची धरतात, आणि एकदा धरली की नंतर ती बदलायची नसते. गोंधळ होतो तो इथेच, कारण सातव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पण एक डिलिव्हरीची तारीख छापून येते आणि ती वेगळी असते, मग घरात चर्चा, तारीख पुढे गेली म्हणे. तारीख कुठेही गेलेली नसते. उशिराच्या सोनोग्राफीत मशीन बाळाच्या आकारावरून वय सांगतं, आणि तोवर कोण अंगाने मोठं कोण लहान हा फरक पडलेला असतो, त्यामुळे तो अंदाज दोन-तीन आठवडे इकडे तिकडे होऊ शकतो.

बरं, तारीख अगदी बरोबर असली तरी त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. बाकी सगळ्या आधी नाहीतर नंतर, आणि पहिल्या खेपेला सरासरी काही दिवस उशीरच होतो. तेव्हा ४० आठवडे ३ दिवस, जे डॉक्टर ४०+३ असं लिहितात, याला उशीर म्हणायचं काही कारण नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या व्याख्येत तर ३९ पासून ४०+६ पर्यंत पूर्ण दिवसांचं, ४१ चा आठवडा म्हणजे उशिराचं, आणि ४२ च्या पुढे दिवस उलटून गेलेलं असं धरतात. आपल्याकडे ४० पूर्ण झाले की ओव्हरड्यू म्हणून घबराट सुरू होते, ती या व्याख्येला धरून नाही.

४० च्या पुढे पोटात काय बदलतं

वार, म्हणजे ज्यातून बाळाला रक्त आणि ऑक्सिजन मिळतो ती, जसजशी जुनी होते तसं तिचं काम काही बायकांमध्ये कमी पडायला लागतं. काहींमध्ये, सगळ्यांमध्ये नाही, आणि आज चालू उद्या बंद असंही नाही. बाळाभोवतीचं पाणी कमी व्हायला लागतं. बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते, तसं ते बऱ्याचदा होतं आणि काही बिघडत नाही पण क्वचित ती शी श्वासाबरोबर फुप्फुसात गेली तर बाळाला आयसीयूत ठेवावं लागतं. बाळाचं वजनही वाढत राहतं, त्यामुळे खांदे अडकणं, टाके जास्त पडणं हे थोडं वाढतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाळ पोटातच जाण्याची शक्यता, ती या काळात हळूहळू वर चढते. याच शेवटच्या गोष्टीसाठी सगळा खटाटोप आहे. डॉक्टर ती नीट बोलून दाखवत नाहीत, कारण नवव्या महिन्यातल्या बाईसमोर बोलायला जीभ रेटत नाही, आणि मग ती बाई समजते की उगाच घाई करतायत.

बरं, धोका म्हणजे किती?

"धोका दुप्पट होतो" असं कुणी म्हटलं की लगेच विचारायचं, किती होता आणि किती झाला. कारण फार लहान आकडा दुप्पट झाला तरी लहानच राहतो.

२०१९ साली दीड कोटी गरोदरपणांच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास झाला. त्यात ३७ आठवड्यांना बाळ पोटात जाण्याचा धोका हजारात ०.११ होता आणि ४२ ला तो हजारात ३.१८ झाला. ४० ला डिलिव्हरी होण्याऐवजी ४१ पर्यंत थांबलं तर दर १४४९ गरोदरपणांमागे एक जास्तीचं बाळ जातं असा त्यांचा हिशोब. आता हे कसं वाचायचं ते तुमच्यावर आहे. एकट्या बाईसाठी हा आकडा फार छोटा, थांबलेल्या बायकांपैकी जवळजवळ सगळ्यांची बाळं ठणठणीत जन्माला येतात. पण जिच्या वाट्याला तो एक येतो तिच्यासाठी टक्केवारीला काही अर्थ नाही.

त्याच वर्षी स्वीडनमधला एक प्रयोग छापून आला आणि त्याने बऱ्याच देशांतली चर्चा फिरवली. ४१ आठवडे झालेल्या २७६० बायका, अर्ध्यांना लगेच इंडक्शन, अर्ध्यांना ४२ पर्यंत थांबवलं. ठरवलं होतं दहा हजार बायका घ्यायच्या, पण मध्येच प्रयोग बंद करावा लागला कारण थांबलेल्या गटात ६ बाळं गेली आणि इंडक्शनच्या गटात एकही नाही. सहा हा आकडा आकडेशास्त्राच्या दृष्टीने छोटा आहे, त्यावरून वादही झाले, पण स्वीडनसारख्या देशात, जिथे देखरेख आपल्यापेक्षा बरी आहे, तिथे हे झालं ही गोष्ट मला तरी नजरेआड करता येत नाही. यात जाणवलेला फायदा मुख्यतः पहिलटकरणींमध्ये होता, आधी एक बाळंतपण झालेल्यांमध्ये अशा घटनाच इतक्या कमी की फरक काही दिसला नाही.

२०२० मध्ये अशा ३४ प्रयोगांचा एकत्र आढावा आला, २१ हजारांवर बायका. त्यांचा निष्कर्ष असा की एक बाळ वाचवायला साधारण ५४४ बायकांचं इंडक्शन करावं लागतं. म्हणजे उरलेल्या ५४३ जणींचं थांबून पण ठीकच झालं असतं. इंडक्शनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि विरोधात बोलणाऱ्यांनी दोघांनी हा आकडा पाठ करावा, दोघांचंही त्यात थोडं थोडं खरं आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४१ आठवडे नक्की पूर्ण झालेत अशी खात्री असेल तर इंडक्शन करावं. यातला "खात्री असेल तर" हा तुकडा लोक वाचत नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा सल्ला आधी ४१ ते ४२ च्या दरम्यान असा होता, २०२१ मध्ये तो बदलून ४१ पासून असा झाला. त्याच वेळी त्यांच्या मसुद्यात आणखी एक गोष्ट होती की आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांचं ३९ लाच इंडक्शन करायचा विचार व्हावा. त्यावर भरपूर टीका झाली की नुसत्या वंशावरून असं कसं ठरवता, आणि अंतिम सल्ल्यातून ते काढलं गेलं. लंडन-लेस्टरकडे असलेल्या आपल्या मराठी मुलींना कुणी त्या मसुद्याचा दाखला दिला तर हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

औषध देऊन म्हणजे नक्की काय काय करतात

गर्भपिशवीचं तोंड एरवी घट्ट, लांब आणि बंद असतं. कळांनी ते उघडायचं असेल तर आधी ते मऊ आणि आखूड व्हावं लागतं. कैरी झाडावरून उतरवून लगेच रस काढायला बसलं तर काय निघणार, आधी अढीत घालून पिकू द्यावी लागते, तसं इथेही आधी तोंड पिकवायचं आणि मग कळांचं औषध. हे दोन टप्पे वेगळे आहेत हे कळलं की निम्मा गोंधळ जातो, आणि इंडक्शनला एवढा वेळ का लागतो तेही कळतं.

तोंड किती तयार आहे हे डॉक्टर आतून तपासून गुण देऊन ठरवतात. बिशप स्कोअर, १९६४ पासून चालत आलेला, १३ पैकी. किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टी. ८ च्या वर असेल तर जवळपास आपोआप कळा आल्यासारखीच गोष्ट, ६ किंवा कमी असेल तर आधी पिकवायला लागणार. हा आकडा विचारायचाच. दोन बायकांचं दोघींचं ४१ ला इंडक्शन, एकीची ८ तासांत सुटका आणि दुसरी दोन दिवस लेबर रूममध्ये, यात बऱ्याचदा फरक एवढाच असतो.

पिकवायला काय तर प्रोस्टाग्लँडिनचं जेल आत लावतात, किंवा मिसोप्रोस्टॉलची अगदी छोट्या डोसची गोळी, २५ मायक्रोग्रॅम, तोंडाने दर २ तासांनी नाहीतर आत ठेवून दर ६ तासांनी. किंवा फोलीची नळी, लघवीसाठी घालतात तीच, ती पिशवीच्या तोंडातून आत सारून टोकाचा फुगा पाण्याने फुगवायचा, त्याच्या दाबाने तोंड उघडतं, यात औषध काहीच नाही. हे काही फक्त परदेशातलं ज्ञान नाही बरं का, नागपूरच्या दोन सरकारी हॉस्पिटलांत बीपी वाढलेल्या ६०२ बायकांवर गोळी की फोली अशी तुलना झाली आणि २०१७ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. २४ तासांत नॉर्मल होण्याचं प्रमाण गोळीने ५७ टक्के आणि फोलीने ४७ टक्के होतं. त्या बायका बीपीच्या होत्या, नुसती तारीख उलटलेल्या नाहीत, तरी गोळी आणि नळी दोन्ही आपल्या सरकारी वॉर्डात वापरता येतात हे त्यातून दिसतं.

त्यानंतर पाण्याची पिशवी फोडणं आणि सलाईनमधून ऑक्सिटोसिन, ज्याला सगळे कळांचं औषध म्हणतात. ते थेंबाथेंबाने, हळूहळू वाढवत द्यायचं असतं आणि कळा जास्तच यायला लागल्या तर लगेच बंद करता येतं. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येत राहिल्या तर बाळाला मधे श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, म्हणून ठोके सतत बघायचे असतात. आणि एक, हे औषध बाळ जन्मायच्या आधी कंबरेत किंवा दंडात इंजेक्शन म्हणून कधीही द्यायचं नसतं, कारण एकदा टोचलं की परत काढता येत नाही. काही ठिकाणी अजून कुणीतरी घरी येऊन "कळांचं इंजेक्शन" देऊन जातो, तसं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव थांबवायला देतात ते इंजेक्शन वेगळ्या कामासाठी आहे आणि ते घ्यायलाच हवं.

याच्या आधीची एक पायरी म्हणजे स्वीपिंग. तपासताना डॉक्टर पिशवीच्या तोंडातून बोट फिरवून आतला पडदा थोडा सैल करतात. दुखतं, थोडं रक्त दिसतं, पण पुढे औषधाने इंडक्शन करायची गरज पडण्याची शक्यता त्याने कमी होते. तक्रार एवढीच की बऱ्याच ठिकाणी ते न विचारता, नेहमीची तपासणी करता करताच उरकून टाकतात. विचारून करायला हवं.

"इंडक्शन केलं की शेवटी सिझरच होतं"

ही सगळ्यात मोठी भीती आणि ती हवेतून आलेली नाही. प्रत्येकीच्या ओळखीत अशी एकजण असते की औषध दिलं, दिवसभर कळा दिल्या, संध्याकाळी म्हणाले उघडत नाही, सिझर. पण मोठे प्रयोग उलटं सांगतात. स्वीडनच्या त्या प्रयोगात सिझरचं प्रमाण इंडक्शन गटात १०.४ टक्के आणि थांबलेल्यांत १०.७, म्हणजे सारखंच. ३४ प्रयोगांच्या आढाव्यात तर इंडक्शनमध्ये किंचित कमी. अमेरिकेत ६१०६ पहिलटकरणींवर ३९ आठवड्यांना इंडक्शन करून बघितलं, २०१८ मध्ये निकाल आला, तिथे १८.६ टक्के विरुद्ध २२.२, परत इंडक्शनमध्येच कमी.

मग ओळखीतल्या बायकांचं काय, त्या खोटं बोलतात का? नाही. फरक तुलना कुणाशी करतो यात आहे. आपण इंडक्शन झालेल्या बाईची तुलना आपोआप कळा आलेल्या बाईशी करतो. पण ४१ आठवड्यांना खुर्चीत बसलेल्या बाईसमोर "आपोआप कळा" हा पर्यायच नसतो, तिच्यासमोर पर्याय असतो थांबण्याचा, आणि थांबलेल्यांपैकी काहींना कळा येतात, काहींचं पाणी कमी होतं, काहींचं शेवटी ४२ ला इंडक्शन करावंच लागतं. त्या सगळ्या धरून मोजलं की फरक राहत नाही.

पण इथेच मला एक मोठ्ठा पण टाकायचाय. या प्रयोगांतल्या हॉस्पिटलांनी वाट बघितली. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांचा सल्ला आहे की पाणी फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय इंडक्शन फेल गेलं असं म्हणू नये. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ सेंटीमीटर उघडेपर्यंत खऱ्या जोरकस कळांचा टप्पा सुरूच झालेला नसतो, त्याआधीच "प्रोग्रेस नाही" म्हणणं घाईचं. आता आपल्याकडचं चित्र बघा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी हॉस्पिटलांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने आणि सरकारीत १४.३ टक्के. दोन्हीकडे येणाऱ्या बायका थोड्या वेगळ्या असतात हे मान्य, तरी एवढी दरी नुसत्या शरीरांमुळे पडत नाही. म्हणून माझं मत असं की सिझर होईल की नाही हे औषधापेक्षा ते हॉस्पिटल किती वेळ थांबायला तयार आहे यावर जास्त ठरतं. सकाळी ८ ला जेल लावून संध्याकाळी ६ ला सिझर होत असेल आणि बाळाचे ठोके नीट असतील, तर ते इंडक्शन फेल गेलेलं नाही, ते पूर्ण केलंच नाही.

आणि हे फक्त डॉक्टरांचं नाही हं. दहा तासांनी बाहेर बसलेले नातेवाईकच ओरडायला लागतात की पोरीचे हाल बघवत नाहीत, करून टाका सिझर, आणि सोबत कुणीतरी फोनवर मुहूर्त काढत असतं. डॉक्टरही माणूस आहे, चार तास थांबून काही वाईट झालं तर हीच माणसं हॉस्पिटल फोडायला येतील हे त्याला माहीत असतं.

"पण सोनोग्राफी तर नॉर्मल आहे, मग थांबायला काय झालं"

सोनोग्राफीत पाणी पुरेसं, पोटाला पट्टे लावून काढलेला ठोक्यांचा आलेख, म्हणजे एनएसटी, तोही छान, तर आजची परिस्थिती छान आहे. पुढच्या आठवड्याची हमी त्यात नाही. नाइसनेही स्पष्ट लिहिलंय की देखरेख ठेवली तरी काही गोष्टी अचानक होतात आणि त्या आधी कळत नाहीत. त्यामुळे ४०+२ ला सगळं नॉर्मल म्हणून थांबणं मला पटतं पण ४१+५ ला नॉर्मल रिपोर्ट हातात धरून अजून आठवडाभर थांबणं पटत नाही.

आजीच्या वेळी दहा महिने झाले तरी कुणी विचारत नसे हेही खरं, आणि आजीच्या वेळी किती बाळं जात होती हेही खरं, फक्त ते कुणी मोजत नव्हतं.

एरंडेल, चालणं, पपई वगैरे

एरंडेल पाजायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने जुलाब नक्की होतात, कळांची खात्री नाही, आणि बाळंतपणाच्या आदल्या रात्री अंगातलं पाणी जाऊन गळून जाणं कुणालाच परवडत नाही. चालणं चांगलं, मन आणि पाय मोकळे राहतात, पण चालून तोंड उघडतं असा भरवसा धरू नका. मिसोप्रोस्टॉलची गोळी मेडिकलमधून आणून घरी घेणं मात्र थेट जिवाशी खेळ आहे. दुकानात सहसा २०० मायक्रोग्रॅमची मिळते, म्हणजे लागणाऱ्या डोसच्या आठपट, आणि आधी सिझर झालेलं असेल तर पिशवी फाटू शकते.

मग कुठे थांबायचं

तारीख पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीने पक्की असेल आणि ४१ पूर्ण झाले असतील, तर माझा कौल इंडक्शनच्या बाजूने, आणि पहिली खेप असेल तर ठामपणे. ४० ते ४१ च्या मधे, बाकी काही त्रास नसेल तर थांबणं पूर्णपणे रास्त आहे, आणि तेव्हा कुणी ॲडमिट व्हा म्हटलं तर "कारण काय" हे विचारायचं. कारण असेल तर डॉक्टर सांगतील, पाणी कमी आहे, बीपी वर चाललंय, बाळ वाढत नाहीये. नुसतं "तारीख झाली" हे ४० ला कारण होत नाही. अर्थात अमेरिकेतल्या त्या प्रयोगाकडे बोट दाखवून एखादी बाई स्वतःच ३९-४० ला इंडक्शन मागत असेल, नवरा परत दुबईला जाणार आहे, गाव लांब आहे, घाटातून रात्रीचं यावं लागतं, तर तेही चुकीचं नाही, फक्त तोंड तयार आहे का ते बघून आणि हॉस्पिटल वेळ देणार आहे ना हे विचारून. तारीखच पक्की नसेल तर मात्र अवघड आहे, तिथे जेल लावायच्या आधी सगळे जुने रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवून परत हिशोब करायला लावा.

विचारायचं काय तर, माझा बिशप स्कोअर किती, कुठली पद्धत वापरणार, ठोके कोण आणि किती वेळाने बघणार, किती तास वाट बघणार, रात्री सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ असतात का, दुखणं कमी करायला एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ते भुलीचं औषध, मिळेल का. शेवटचं विचाराच, कारण औषधाच्या कळा बऱ्याच जणींना आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा जास्त जड जातात. खासगीत असाल तर पॅकेज किती दिवसांचं हेही, इंडक्शन दोन दिवस चाललं की बिल वाढतं आणि मग घरचेच घाई करायला लागतात. सरकारी हॉस्पिटलात बाळंतपण आणि लागलं तर सिझरही मोफत असतं, हे २०११ पासून आहे.

थांबायचं ठरवलं तर देखरेख ठेवून थांबायचं. ४१ च्या पुढे आठवड्यातून दोनदा एनएसटी आणि पाण्याची तपासणी, त्या तारखा आजच ठरवून घ्या. बाळाचं हलणं नेहमीपेक्षा कमी वाटलं, पाणी गेलं, त्या पाण्याला हिरवट रंग दिसला, रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यापुढे अंधारी आली, तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही, गोड खाऊन हलतंय का बघत बसायचं नाही, रात्रीचे २ वाजले असले तरी निघायचं, गाडी नसेल तर १०८. शेवटी शेवटी बाळाला जागा नसते म्हणून ते कमी हलतं असं सगळे सांगतात, ते खरं नाही. लाथेचा प्रकार बदलतो, जोरदार ऐवजी सरकल्यासारखं वाटतं, पण हलणं कमी होत नाही. आणि आज थांबायचं ठरवलंत तरी उद्या मन बदलून फोन करून ॲडमिट होता येतं, त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही.